महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात कधी मांडायचा, हे कोणी ठरवावे?

नदीकाठ (धागाकर्ता)

महाराष्ट्र विधिमंडळाचे कोणतेही अधिवेशन पाहा. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ज्यांना आपण सगळेच कॅग म्हणतो, त्यांचे राज्यासंबंधीचे अहवाल बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. त्या दिवशी अंतिम आठवडा प्रस्तावावरची उत्तरे उरकायची असतात, राहिलेली विधेयके मार्गी लावायची असतात आणि अर्धे सभागृह आपापल्या मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असते. दोन-दोनशे पानांचा अहवाल दुपारी हाती पडल्यावर त्यावर सायंकाळपर्यंत अभ्यासपूर्ण प्रश्न कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘ताशेरे’ हा शब्द असलेला मथळा येतो आणि विषय तिथेच संपतो.

घटनेचे अनुच्छेद १४८ ते १५१ वाचले तर असे दिसते की घटनाकारांनी या पदाच्या स्वातंत्र्याची काळजी फार बारकाईने घेतली होती. कॅगला पदावरून दूर करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेलीच प्रक्रिया अवलंबावी लागते; निवृत्तीनंतर त्याला केंद्र किंवा राज्य सरकारचे कोणतेही पद स्वीकारता येत नाही; त्याच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च संचित निधीवर भारित असतो, त्यावर मतदान होत नाही. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा बहुधा राज्यघटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत मांडले होते. एवढे सगळे असूनही अनुच्छेद १५१ मध्ये एक जागा मोकळी राहिली. राज्याच्या लेख्यांवरचा अहवाल राज्यपालांकडे जाईल आणि राज्यपाल तो विधानमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतील, इतकेच तिथे म्हटले आहे. किती दिवसांत, हे म्हटलेले नाही. व्यवहारात ही व्यवस्था राज्य सरकारच करते, म्हणजे ज्याच्या खर्चाची तपासणी झाली त्याच्याच हातात निकालाची तारीख असते.

जलयुक्त शिवार अभियानाचे उदाहरण मला या संदर्भात फार बोलके वाटते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊन ६,४१,५६० कामे झाली. परंतु गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणे आणि भूजल पातळी वाढवणे या दोन्ही उद्दिष्टांच्या दृष्टीने त्याचा परिणाम अत्यल्प दिसतो, असा कॅगचा निष्कर्ष होता. हा अहवाल ८ सप्टेंबर २०२० रोजी मांडला गेला. करोनामुळे ते अधिवेशनच मुळी दोन दिवसांचे होते आणि ८ सप्टेंबर हा त्यातला दुसरा दिवस. अभियान राबवणारे सरकार तोपर्यंत जाऊन दुसरे आलेले होते. नव्या सरकारने ऑक्टोबरात खुल्या चौकशीचा निर्णय घेतला. पुढे सरकार पुन्हा बदलले आणि डिसेंबर २०२२ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा मंजूर झाला. या सगळ्या काळात चर्चा झाली ती पैसे कोणी खाल्ले याची. पाणलोटाचा आराखडा कसा केला, झालेल्या बांधबंदिस्तीची पुढे देखभाल कोण करणार, कमी पावसाच्या वर्षात यश मोजायचे कसे, या प्रश्नांची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

दिल्लीत तर याहून स्पष्ट चित्र दिसले. तिथे कॅगचे १४ अहवाल विधानसभेपुढे आलेच नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या विलंबावर नाराजी व्यक्त केली, मात्र त्यासाठी विशेष बैठक बोलावण्याचा आदेश देण्यास नकार दिला. फेब्रुवारीत सत्तांतर झाले आणि त्याच महिन्यात मद्य धोरणावरचा अहवाल सभागृहात आला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडे स्वतंत्र तपासणी होते, परंतु तिचा निष्कर्ष वाचला जातो तो बहुधा सरकार बदलल्यावर. त्यामुळे चालू कारभार दुरुस्त करण्याऐवजी जुन्या कारभाऱ्यांना झोडपण्यासाठी तिचा उपयोग होतो. अहवाल राज्यपालांकडे पोहोचल्यापासून ठरावीक दिवसांत, उदाहरणार्थ ४५ दिवसांत, तो आपोआप सार्वजनिक व्हावा. अधिवेशन असो वा नसो. यावर जाणकारांनी लिहावे.

जमाखर्च

लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो आहे. तपासणी पथकांना कागदपत्रे पुरवणे आणि त्यांच्या आक्षेपांना उत्तरे लिहिणे, हे माझ्या कामाचा भाग होते. म्हणून टेबलाच्या अलीकडच्या बाजूने थोडे सांगतो.

अहवाल छापला जातो तो या प्रक्रियेचा शेवट असतो. महालेखापालांचे पथक (आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालये आहेत, विदर्भ-मराठवाडा नागपूरकडे) कार्यालयात येते तेव्हा आधी हाफ मार्जिन देते. अर्ध्या पानावर शंका लिहिलेली असते आणि उरलेले अर्धे पान आमच्या उत्तरासाठी मोकळे असते. त्यातल्या बऱ्याच शंका तिथल्या तिथे मिटतात. ज्या मिटत नाहीत त्या निरीक्षण अहवालात जातात, त्यातल्या गंभीर बाबींचा प्रारूप परिच्छेद होऊन तो सचिवांकडे सहा आठवड्यांत उत्तर देण्यासाठी जातो आणि त्यानंतर काही मोजके परिच्छेद छापील अहवालात येतात. म्हणजे पटलावर येणाऱ्या प्रत्येक परिच्छेदावर बाजू मांडण्याची संधी विभागाला दोन-तीन वेळा मिळालेली असते. ‘आम्हाला विचारलेच नाही’ असे मंत्री नंतर म्हणतात तेव्हा, उत्तर वेळेत पाठवले गेले नाही, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

पथके काय पाहतात याचा एक नमुना देतो. एका रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका तपासायला घेतली होती. पुस्तिकेतल्या नोंदी नीटनेटक्या होत्या, सह्या जागच्या जागी होत्या, शाईसुद्धा एकाच पेनाची होती. तपासणाऱ्या बाईंनी पुस्तिका बाजूला ठेवून डांबर खरेदीच्या पावत्या मागवल्या. डांबरीकरण पूर्ण झाल्याची मोजणी ज्या तारखेला नोंदवली होती, त्या तारखेनंतर आठवड्याने डांबर उचलल्याची पावती निघाली. बाईंनी आवाज चढवला नाही की कोणाला चोर म्हटले नाही. दोन तारखा एकाखाली एक लिहून पुढे ‘खुलासा करावा’ एवढेच लिहिले. त्या अर्ध्या पानाचे उत्तर लिहायला त्या कार्यालयाला किती दिवस लागले, ते मी पाहिले आहे.

तेव्हा तपासणी कमकुवत आहे असे मला वाटत नाही. माझी तक्रार नदीकाठ यांच्या तक्रारीच्या पुढची आहे. अहवाल मांडल्यावर तो लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे जातो. समिती सगळे परिच्छेद तपासू शकत नाही. निवडक परिच्छेदांवर सचिवांची साक्ष घेते, शिफारशी करते आणि मग त्या शिफारशींवर काय कार्यवाही केली याचे ज्ञापन विभागाने द्यायचे असते. या प्रत्येक पायरीवर वर्षे जातात. मी ज्या परिच्छेदाचे उत्तर लिहिले, त्यावर साक्ष होईपर्यंत त्या प्रकरणातले दोन अधिकारी निवृत्त झाले होते आणि तिसऱ्याची दोनदा बदली झाली होती. अहवाल ४५ दिवसांत आला तरी समितीचे काम याच गतीने चालणार असेल तर फरक किती पडेल, याचा विचार व्हावा.

प्रतिवादी

दोन्ही लेखकांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की तपासणाऱ्याचे म्हणणे बरोबरच असते. मला ते मान्य नाही.

नोव्हेंबर २०१० मधील टू-जी स्पेक्ट्रमवरचा, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या परवान्यांवरचा अहवाल आठवा. त्यात संभाव्य नुकसानीचे एकच अनुमान नव्हते. वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले ५७,६६६ कोटींपासून १,७६,६४५ कोटींपर्यंतचे आकडे होते. लोकांच्या डोक्यात राहिला तो फक्त सर्वांत मोठा आकडा. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. लिलाव करायचा की प्रथम येणाऱ्यास प्राधान्य द्यायचे, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि धोरणासाठी सरकार मतदारांना उत्तरदायी असते, लेखापरीक्षकाला नाही. कॅगला कोणी निवडून दिलेले नाही. त्याच्या नेमणुकीसाठी लोकपाल किंवा केंद्रीय दक्षता आयुक्तांसाठी असते तशी विरोधी पक्षनेत्याचा समावेश असलेली निवड समितीसुद्धा नाही. सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती नेमणूक करतात. मग त्याला ‘स्वतंत्र’ म्हणायचे ते कोणत्या अर्थाने? आणि त्याचा अहवाल सभागृहाला टाळून आपोआप प्रसिद्ध करायचा, म्हणजे ज्यांना आपण निवडून देतो त्यांना आणखी एक पायरी खाली ढकलायचे.

जलयुक्तबाबतही हेच. २०१८ मध्ये राज्याच्या मोठ्या भागात पाऊस कमी झाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात टँकर वाढले म्हणून योजना फसली, असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय आहे का?

जमाखर्च

प्रतिवादी, टू-जीचे अर्धेच चित्र आपण मांडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले ते वाटपाची पद्धत मनमानी होती म्हणून. फौजदारी खटल्यात अमुक माणसाने लाच घेतली हे सिद्ध न होणे आणि वाटप चुकीचे असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुकसानीचा आकडा लावण्याच्या पद्धतीवर मात्र वाद होता आणि तो रास्तच होता. लेखापरीक्षकाने ‘असे केले असते तर इतके मिळाले असते’ या प्रांतात जपून पाऊल टाकावे, याच्याशी मी सहमत आहे.

पावसाचा मुद्दाही रास्त आहे. परंतु तो मांडायची जागा लोकलेखा समितीपुढची साक्ष ही आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे अधिकारी विहिरींच्या नोंदी घेऊन समितीपुढे बसले असते, तर निष्कर्ष टिकतो की नाही हे उघड झाले असते.

वैनगंगा

गोसीखुर्दचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून विदर्भातर्फे मी करतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर होणाऱ्या या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे किंमत १८,४९४ कोटींवर गेली. दर काही वर्षांनी ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता येते. ती आली की आधीचा वाढीव खर्च नियमित होतो, आणि एकदा नियमित झाला की त्याविषयी विचारणाराच अडाणी ठरतो.

कॅगने सिंचनावर एकदा नव्हे, अनेकदा लिहिले आहे. त्या अहवालांनी जे झाले नाही ते २०१२ मध्ये दोन वेगळ्याच कागदांनी झाले. राज्याच्या स्वतःच्या आर्थिक पाहणीतून, दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून सिंचनक्षेत्र ०.१ टक्काच वाढले, असा अर्थ निघाला. आणि मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र बाहेर आले. त्यानंतर उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती, असा क्रम लागला. राजीनामा दिलेले उपमुख्यमंत्री त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा पदावर आले आणि २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांच्यावर ठपका नसल्याचे न्यायालयाला सांगितले. ०.१ टक्क्याचा आकडा कितपत विश्वासार्ह यावरही तेव्हा खूप वाद झाला, हे प्रतिवादी यांच्यासाठी मुद्दाम नमूद करतो.

माझा मुद्दा असा की आतला एक माणूस बोलला तेव्हा यंत्रणा हलली. मग बाहेरच्या तपासणीला धार येण्यासाठी आतल्या माणसाला संरक्षण देणे हे तारखांइतकेच महत्त्वाचे नाही का? कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला अहवाल कधी मांडला याच्याशी देणेघेणे नसते. आपल्या चारीत पाणी का आले नाही, हे त्याला विचारायचे असते आणि त्यासाठी त्याला एकही दार नाही.

मांडवीतीर

तारीख ठरवून दिली म्हणजे प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी गोव्याच्या लोकायुक्तांकडे पाहावे. आमच्याकडे कायदा २०११ चा. पहिले लोकायुक्त मार्च २०१३ मध्ये नेमले, त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. त्यानंतर न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा यांची नेमणूक व्हायला २०१६ उजाडले. सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त होताना त्यांनी जाहीरपणे सांगितले की आपण सरकारला पाठवलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही आणि असेच चालायचे असेल तर ही संस्था बंद केलेली बरी. त्यानंतर पद पुन्हा काही महिने रिकामे होते.

संस्था मोडायची असेल तर तिचा कायदा रद्द करावा लागत नाही. खुर्ची रिकामी ठेवली की पुरते. महाराष्ट्राने लोकायुक्त कायदा १९७१ मध्येच केला, याचा आपल्याला अभिमान असतो. त्या कायद्याच्या कक्षेत मुख्यमंत्री नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात त्यांना आणले, पण त्यांच्याविरुद्ध चौकशीपूर्वी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागेल, अशी अट घातली. ज्या मुख्यमंत्र्याविरुद्ध दोन तृतीयांश सदस्य उभे राहतील, तो चौकशी होईपर्यंत पदावर असेल का?

थेम्सकाठी

गेली काही वर्षे लंडनमध्ये राहत असल्याने इथली पद्धत जवळून पाहता येते. इथल्या महालेखापरीक्षकाची मुदत दहा वर्षांची असून ती पुन्हा वाढवता येत नाही. नेमणुकीचा प्रस्ताव पंतप्रधान मांडतात. मात्र त्याला लोकलेखा समितीच्या अध्यक्षांची सहमती लागते आणि अध्यक्ष विरोधी पक्षाचे असतात. योजनांवरचे अहवाल केव्हा प्रसिद्ध करायचे हे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय स्वतः ठरवते. अहवालातल्या तथ्यांवर संबंधित खात्याशी आधीच बोलणे झालेले असते, त्यामुळे नंतरचा वाद अर्थ लावण्यापुरता राहतो. समितीच्या शिफारशींना सरकार साधारण दोन महिन्यांत लेखी उत्तर देते.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली तरतूद वेगळीच आहे. खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी खर्चासाठी व्यक्तिशः जबाबदार असतो. मंत्र्याने सांगितलेला खर्च पैशाचा योग्य मोबदला देणारा नाही असे त्याला वाटले, तर तो लेखी निर्देश मागतो. निर्देश मिळाला की त्याला काम करावेच लागते, परंतु त्याची प्रत महालेखापरीक्षकाकडे जाते. वैनगंगा यांनी विचारलेल्या आतल्या माणसाच्या संरक्षणाचा हा एक प्रकार म्हणता येईल. आपल्याकडे तोंडी आदेशांवर फायली हलतात, हे इथे वेगळे सांगायला नको.

याचा अर्थ इथे सगळे आलबेल आहे असा नाही. अहवाल वेळेवर येतात आणि तरीही रेल्वेचे प्रकल्प बजेटच्या कित्येक पट वर जातात.

दुसरे अपील

माहिती अधिकाराबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे नवल वाटले. सामान्य माणसाच्या हातातली तपासणी तीच. दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करायचा, पानाला दोन रुपये भरायचे आणि प्रमाणकांच्या (व्हाउचरच्या) प्रती घ्यायच्या.

नदीकाठ यांनी दाखवलेली मोकळी जागा या कायद्यातही आहे. जन माहिती अधिकाऱ्याला ३० दिवस; पहिल्या अपिलाला ३०, फार तर ४५ दिवस; दुसरे अपील करायला नागरिकाला ९० दिवस. यानंतर आयोगाने किती दिवसांत निर्णय द्यावा, यावर कायदा गप्प आहे. महाराष्ट्राच्या राज्य माहिती आयोगापुढे २०२३ च्या मध्याला एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. अधिकाऱ्याला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, पण सुनावणीच लागली नाही तर दंड कोण करणार? आयुक्तांच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावले होते. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला आणि मुदत पाचवरून तीन वर्षांवर आली.

एका तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयात मी पाणीपुरवठा योजनेचे अंदाजपत्रक मागितले होते. पहिल्या अपिलाच्या सुनावणीला ज्यांनी अंदाजपत्रकावर सही केली होती तेच अपिलीय अधिकारी म्हणून समोर बसले होते. त्यांनी चहा दिला आणि माहिती ‘विस्तृत स्वरूपाची’ असल्याचे सांगितले. अंदाजपत्रक अकरा पानांचे होते. मला ते नंतर गावातल्या ठेकेदाराकडूनच वाचायला मिळाले.

नदीकाठ (धागाकर्ता)

प्रतिसादांमुळे विषय बराच पुढे गेला. मांडवीतीर आणि दुसरे अपील यांनी जे लिहिले त्यात मला माझ्याच मुद्द्याची दुसरी बाजू दिसते. खुर्ची रिकामी ठेवणे, अपील पडून राहणे, साक्ष लांबणे आणि अहवाल शेवटच्या दिवशी ठेवणे या सगळ्यांत सरकार कायद्याचे एकही कलम मोडत नाही. न्यायालयात जाऊन दाद मागावी तर नेमका कोणता भंग झाला हे दाखवता येत नाही. दिल्लीच्या प्रकरणात तेच झाले.

प्रतिवादी यांचा सभागृहाच्या मानाचा मुद्दा मी गांभीर्याने घेतो, म्हणूनच अहवाल सभागृहाला डावलून प्रसिद्ध करा असे मी म्हणत नाही. तो अध्यक्षांकडे द्यावा, अध्यक्षांनी सदस्यांना पाठवावा आणि मग तो प्रसिद्ध व्हावा. शेवटच्या दिवशी अहवाल हाती पडणाऱ्या आमदाराचा मान आज राखला जातो, असे म्हणायला मी तयार नाही. अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मिळाला तर तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि अर्धा तास चर्चा ही आयुधे त्यालाच वापरता येतील. निवड समितीच्या बाबतीत मात्र आपण दोघे एकाच बाजूला आहोत.

वैनगंगा, चारीच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला माझ्या सूचनेत उत्तर नाही. रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेने करायचे सामाजिक अंकेक्षण होते, तसे सिंचनाच्या कामांना का लावू नये, यावर वेगळा धागा काढावा, ही विनंती.

प्रतिवादी

अध्यक्षांमार्फत आणि अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, या दोन अटींवर माझा आक्षेप बराच कमी होतो. अध्यक्षही सत्ताधारी पक्षाचेच असतात, तेव्हा ४५ दिवसांचे त्यांनी ४५० केले तर काय, हे तेवढे सांगा.

जमाखर्च

ते नियमातच लिहावे लागेल. संकेतावर सोडले तर प्रतिवादी म्हणतात तेच होईल.

तोवर एक उपाय आजही उपलब्ध आहे. अहवाल पटलावर येण्यापूर्वी मागितला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ग) खाली, विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होतो, असे कारण देऊन नकार येतो. पटलावर आल्यानंतर तो अहवाल मागण्याची गरजच नसते, कारण तो कॅगच्या संकेतस्थळावर असतो. म्हणून मागायचे ते दुसरेच कागद. आपल्या जिल्ह्याशी संबंधित एक परिच्छेद निवडा, त्याचा क्रमांक आणि अहवालाचे वर्ष लिहा आणि त्या परिच्छेदावर विभागाने विधानमंडळ सचिवालयाला स्पष्टीकरणात्मक ज्ञापन (म्हणजे विभागाचा लेखी खुलासा) पाठवले का, पाठवले असल्यास कोणत्या तारखेला आणि जावक क्रमांकाने, एवढेच विचारा. हा अर्ज मंत्रालयातल्या त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो. तारीख आणि जावक क्रमांक ‘विस्तृत स्वरूपाची माहिती’ म्हणून नाकारता येत नाही, आणि ज्ञापन पाठवलेच नसेल तर तसे सहीनिशी लिहून द्यावे लागते.